घरून जातो, बाहेर अडतो: न जाणाऱ्या ईमेलचं निदान कसं करावं

घरच्या वायफायवरून मेल झटकन जातात. तोच लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर, विमानतळाच्या वायफायवर किंवा फोनच्या हॉटस्पॉटवर लावला की मेल आउटबॉक्समध्ये ठाण मांडून बसतात. वेबसाइट उघडतात, व्हिडिओ चालतात, नवे मेलही येत राहतात. अडलेलं असतं ते फक्त पाठवणं. अशा वेळी बहुतेक जण थेट सेटिंगमध्ये शिरतात आणि दिसेल ते बदलत सुटतात. मग घरी परतल्यावर तिथूनही मेल जाईनासे होतात, आणि आधी काय होतं ते कुणालाच आठवत नाही.

हा लेख आउटलुक, थंडरबर्ड, ॲपल मेल किंवा फोनवरचं मेल ॲप वापरणाऱ्यांसाठी आहे. क्रमाने पुढे जा, आणि एक पथ्य पाळा: पहिल्या चार पायऱ्यांत एकाही सेटिंगला हात लावायचा नाही.

आधी थोडं समजून घ्या

मेल येणं आणि मेल जाणं ही दोन स्वतंत्र कामं आहेत. मेल आणण्यासाठी ॲप आयमॅप किंवा पॉप ही पद्धत वापरतं, पाठवण्यासाठी एसएमटीपी. बऱ्याचदा दोन्हींचे सर्व्हर, म्हणजे मेल सेवेचे संगणक, वेगळे असतात, आणि पोर्ट तर वेगळे असतातच. पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या एकाच पत्त्यावरची क्रमांक घातलेली दारं समजा. आयमॅपचं दार ९९३, पॉपचं ९९५. पाठवण्याची दारं तीन: २५, ५८७ आणि ४६५. येणाऱ्या मेलचं दार उघडं आहे म्हणून जाणाऱ्याचंही उघडं असेल, असं अजिबात नाही.

पाठवण्याच्याच वाटेवर एवढी अडवणूक का, याचं उत्तर इतिहासात आहे. एसएमटीपी १९८२ सालचं. तेव्हा नेटवर मोजकीच माणसं होती आणि ती एकमेकांवर भरवसा ठेवून होती, त्यामुळे पाठवणाऱ्याला पासवर्ड विचारण्याची सोयच त्यात नव्हती. कुणीही कुठल्याही सर्व्हरच्या हाती मेल द्यावा आणि त्याने तो पुढे पोचवावा, असा सरळ व्यवहार होता. स्पॅमवाल्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. मग सर्व्हर चालवणाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली, की तू आमचा ग्राहक आहेस का? आणि ओळख पटवायला त्यांनी सर्वांत सोपी खूण धरली: तू कुठल्या जोडणीवरून बोलतो आहेस. इंटरनेट कंपनीच्या स्वतःच्या जोडणीवरून आलेला मेल तिचा सर्व्हर न विचारता घ्यायचा, बाहेरून आलेला परत फिरवायचा.

दुसरा बंदोबस्त झाला तो २५ नंबरच्या दारावर. व्हायरस लागलेले घरगुती संगणक परस्पर जगभरच्या सर्व्हरना स्पॅम पाठवू लागले, तेव्हा कित्येक इंटरनेट कंपन्यांनी ग्राहकांच्या बाजूने ते दार बंद केलं. आज २५ हे मुख्यतः सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीचं दार आहे. माणसांच्या मेल ॲपसाठी १९९८ मध्ये ५८७ नेमून दिलं गेलं, आणि १९९९ मध्ये एसएमटीपीत नाव-पासवर्ड देऊन ओळख पटवण्याची प्रमाणित पद्धत आली. ४६५ ची कथा जरा चमत्कारिक आहे. ते आधी दिलं, लगेच काढून घेतलं, तरी लोक वापरतच राहिले, आणि २०१८ मध्ये त्याला रीतसर मान्यता मिळाली.

जोडणी बदलल्यावर जो त्रास होतो त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. तुमचं ॲप अजून जुन्या पद्धतीने वागत असतं, म्हणजे २५ नंबरच्या दारावर जात असतं किंवा पासवर्ड न देता पाठवायला बघत असतं. घरी ते चालून जातं, कारण घरची जोडणी ओळखीची असते. नीट लावलेल्या मेल ॲपला तुम्ही कुठल्या नेटवर आहात याचं सोयरसुतक नसावं. त्यामुळे प्रत्येक जागेसाठी वेगळं सेटिंग ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. एकदाच असं सेटिंग करा जे सगळीकडे चालेल.

पायरी १: मेल नक्की अडकलाय कुठे?

आउटबॉक्स आणि सेंट हे दोन्ही फोल्डर उघडा. मेल आउटबॉक्समध्ये असेल तर तो तुमच्या यंत्रातून निघालेलाच नाही, आणि हा लेख त्याच दुखण्याचा आहे. सेंटमध्ये असेल आणि समोरच्याला मिळाला नसेल तर दुखणं वेगळं. त्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे, सरळ तिकडे जा.

आउटबॉक्समध्ये असेल तर दोन किरकोळ कारणं आधी झटकून टाका. आउटलुक आणि थंडरबर्डमध्ये ऑफलाइन काम करण्याचा एक पर्याय असतो. तो चुकून दाबला गेला की मेल जात नाहीत, पण येणारेही थांबतात, त्यामुळे ओळखू येतो. दुसरं, सार्वजनिक वायफाय. तिथे जोडलं गेलं तरी आधी ब्राउझरमध्ये एक पान उघडून नंबर किंवा खोली क्रमांक द्यावा लागतो. ते झाल्याशिवाय नेट खरं सुरूच होत नाही. ब्राउझर उघडा, एखादी आधी न उघडलेली वेबसाइट उघडून बघा.

आउटबॉक्समध्ये सर्वांत वर एखादा भलामोठा अटॅचमेंटवाला मेल असेल तर तो बाजूला काढा. काही ॲप ओळीने पाठवतात, आणि पहिला अडला की मागची सगळी रांग अडते.

पायरी २: ब्राउझरमधून पाठवून बघा

त्याच जोडणीवर, त्याच खात्यात ब्राउझरने लॉगिन करा आणि स्वतःलाच एक ओळीचा मेल पाठवा. ब्राउझर ४४३ नंबरच्या दाराने जातो. सगळ्या सुरक्षित वेबसाइटचं तेच दार, म्हणून ते कुणी बंद करत नाही. म्हणूनच वेबमेल वापरणाऱ्यांना हा त्रास सहसा माहीतही नसतो.

इथून मेल गेला तर खातं ठीक आहे, बंद केलेलं नाही, पाठवण्याची मर्यादा संपलेली नाही. दोष ॲप आणि सर्व्हर यांच्या मधल्या वाटेत आहे. इथूनही गेला नाही तर जोडणी बदलत बसण्यात अर्थ नाही, मेल सेवा देणाऱ्याकडेच चौकशी करा. घाईचा मेल असेल तर तो याच पायरीवर पाठवून मोकळे व्हा आणि बाकीचं निवांत करा.

पायरी ३: सेटिंग न बदलता जोडणी बदला

सगळ्या तपासणीत हीच पायरी सर्वांत जास्त सांगून जाते, आणि हीच लोक गाळतात. दोन प्रयोग करायचे. पहिला: यंत्र तेच, जोडणी दुसरी. लॅपटॉप वायफायवरून काढून फोनच्या हॉटस्पॉटवर लावा. मात्र फोनचं स्वतःचं वायफाय आधी बंद करा, कारण काही फोन वायफायच पुढे वाटतात आणि मग तुम्ही जोडणी बदलली असं वाटतं, पण बदललेली नसते. दुसरा: जोडणी तीच, यंत्र दुसरं. त्याच वायफायवर फोनमधून त्याच खात्याचा मेल पाठवून बघा.

आता निकाल वाचा. फक्त घरून किंवा फक्त एकाच कंपनीच्या जोडणीवरून जातो, बाकी कुठूनच नाही: ओळख पटवण्याचं सेटिंग बंद आहे किंवा ॲप २५ वर अडून आहे. पायरी ५ तुमच्यासाठी आहे. सगळीकडून जातो, एका ठराविक जागेवरून नाही: त्या जागेचा फायरवॉल (कोणती दारं उघडी ठेवायची ते ठरवणारा पहारेकरी) आडवा येतो, किंवा त्या जागेचा आयपी पत्ता (जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांक) सर्व्हरने अडवला आहे. एका यंत्रावरून जातो आणि त्याच वायफायवर दुसऱ्यावरून नाही: जोडणीला दोष देऊ नका, त्या यंत्राचं सेटिंग, तिथला अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारी सेवा) तपासा. कुठूनच, कशावरूनच जात नाही: पासवर्डचं काहीतरी आहे, किंवा सर्व्हरच बंद आहे. छोटे मेल जातात आणि मोठे अडतात: त्याचा वेगळा भाग पुढे आहे.

व्हीपीएन असेल तर हाच प्रयोग तो चालू आणि बंद ठेवूनही करा. व्हीपीएन लावल्यावर मेल गेला तर अडवणूक स्थानिक जोडणीत आहे हे जवळपास पक्कं. उलटही घडतं: कित्येक व्हीपीएन सेवा स्पॅमच्या भीतीने २५ नंबरचं पोर्ट स्वतःच बंद ठेवतात.

पायरी ४: एरर पूर्ण वाचा

लाल चौकोन दिसला की आपण तो बंद करतो. बंद करण्याआधी त्याचा फोटो काढा. त्यात उत्तर अर्धंअधिक असतं.

बराच वेळ फिरून मग "टाइम आउट" किंवा "सर्व्हरशी जोडता आलं नाही" असं आलं तर ॲपच्या हाकेला कुणी ओच दिली नाही. हे पोर्ट अडवल्याचं ठळक लक्षण. क्षणात "रिफ्यूज्ड" आलं तर पत्त्यावर कुणीतरी आहे, पण त्या क्रमांकाच्या दारावर सेवा नाही किंवा मधल्या फायरवॉलने तोंडावर नकार दिला. दोन्हींत पासवर्डचा संबंध नाही, तो विचारण्यापर्यंत गाडी पोचलेलीच नाही. त्यामुळे अशा वेळी पासवर्ड बदलणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

तीन आकडी क्रमांक आला तर सर्व्हरशी बोलणं झालं आहे आणि त्याने कारण सांगितलं आहे. चारने सुरू होणारे क्रमांक तात्पुरते: ४२१, ४५१ वगैरे. थोडं थांबून पुन्हा पाठवा. पाचने सुरू होणारे म्हणजे ठाम नकार, तोच मेल तसाच पुन्हा पाठवून उपयोग नाही. ५३० म्हणजे आधी ओळख पटव. ५३५ म्हणजे ओळख दिलीस पण पटली नाही, म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. ५५२ म्हणजे सहसा आकार मर्यादेबाहेर किंवा जागा भरलेली. ५५० किंवा ५५४ बरोबर "रिले" हा शब्द दिसला तर समजा, सर्व्हर म्हणतोय की तू माझा नाहीस, तुझा मेल दुसरीकडे मी का पोचवू? जोडणी बदलल्यावर अचानक आलेला "रिले"वाला नकार म्हणजे ओळखीचं सेटिंग बंद असल्याचा जवळजवळ पुरावाच. ५५४ बरोबर स्पॅमहॉससारख्या काळ्या यादीचं, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीचं, नाव असेल तर तुमच्या सध्याच्या आयपी पत्त्यावर संशय आहे.

सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची, सूचना आली तर मात्र थबका. घाईत "चालेल, पुढे जा" दाबू नका. ओळखीच्या जोडणीवर कधी न आलेली ही सूचना परक्या वायफायवर आली, तर मधे कुणीतरी स्वतःला तुमचा मेल सर्व्हर म्हणवून घेत असण्याची शक्यता असते, आणि तुमचा पासवर्ड त्याच्या हाती पडू शकतो. त्याआधी यंत्राची तारीख-वेळ मात्र बघून घ्या. घड्याळ चुकलेलं असलं तरी हीच सूचना येते.

पायरी ५: आता सेटिंग उघडा

आधी जे आहे त्याचा फोटो काढून ठेवा. मग जाणाऱ्या मेलचं सेटिंग शोधा. ते येणाऱ्या मेलच्या सेटिंगपासून बऱ्यापैकी लांब लपवलेलं असतं. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्जच्या डाव्या यादीत अगदी तळाशी "आउटगोइंग सर्व्हर" आहे. जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज, मग खात्याच्या तपशिलात "मोअर सेटिंग्ज" आणि तिथे दोन टॅब, "आउटगोइंग सर्व्हर" आणि "ॲडव्हान्स्ड". आयफोनवर सेटिंग्जमध्ये मेलचं खातं उघडून "एसएमटीपी" वर टिचकी मारा.

चार गोष्टी जुळायला हव्यात.

सर्व्हरचं नाव. ते तुमच्या मेल सेवेचं असावं, इंटरनेट कंपनीचं नव्हे. जीमेलसाठी एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, आयक्लाउडसाठी एसएमटीपी डॉट मेल डॉट मी डॉट कॉम. स्वतःच्या डोमेनचा मेल असेल तर होस्टिंगवाला नाव देतो. जुन्या खात्यात इथे कधीकाळच्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर भरलेला आढळतो. घरची जोडणी त्या कंपनीची असेपर्यंत सगळं गोड चाललेलं असतं. नावाच्या जागी नुसता आकडी आयपी पत्ता असेल तर तोही काढून नाव लिहा. सर्टिफिकेट नावावर असतं, आकड्यावर सहसा नसतं.

पोर्ट आणि एन्क्रिप्शन (मजकूर कुलूपबंद करून पाठवणं). ही जोडी आहे, सुटी बदलायची नाही. ५८७ बरोबर "स्टार्टटीएलएस", ४६५ बरोबर "एसएसएल/टीएलएस". अदलाबदल झाली तर काय होतं पाहा: ४६५ वर सर्व्हर ॲपने आधी एन्क्रिप्शन सुरू करावं म्हणून वाट बघतो आणि स्टार्टटीएलएसवर ठेवलेलं ॲप सर्व्हरने आधी साध्या भाषेत नमस्कार करावा म्हणून थांबून राहतं. दोघंही गप्प, आणि शेवटी टाइम आउट. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोर्ट अडवलंय. म्हणून टाइम आउट दिसला की पोर्टच्या संशयाबरोबर ही जोडीही तपासायची.

दोन्हींपैकी कोणतं घ्यावं? सेवा दोन्ही देत असेल तर मी ४६५ घेईन. तिथे पहिल्या अक्षरापासून सगळं एन्क्रिप्टेड असतं, त्यामुळे मधल्या यंत्रांना संभाषणात ढवळाढवळ करायला वाव राहत नाही. ५८७ वर संभाषण साधं सुरू होऊन मग एन्क्रिप्ट होतं, आणि काही फायरवॉल नेमकी ती मधली सूचनाच खोडून टाकतात. पण एखाद्या जागी ४६५ बंद आणि ५८७ उघडं असेल तर बिनदिक्कत ५८७ घ्या. "असेल तर एन्क्रिप्ट कर" अशा अर्थाचा पर्याय मात्र टाळा.

ओळख पटवणं. आउटलुकच्या "आउटगोइंग सर्व्हर" टॅबवर "माझ्या सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं" असा एक चौकोन आहे. हाताने भरलेल्या खात्यात तो रिकामा राहून जाऊ शकतो. तो रिकामा असेल तर घरून जाणारा आणि बाहेरून अडणारा मेल हे कोडं तिथल्या तिथे सुटलं. खूण करा आणि येणाऱ्या मेलचंच नाव-पासवर्ड वापरायला सांगा. आयफोनवर यूजरनेम आणि पासवर्डच्या पुढे "ऐच्छिक" असं लिहिलेलं दिसतं. ते ऐच्छिक मानू नका, भरा. यूजरनेम बहुतेक ठिकाणी पूर्ण ईमेल पत्ता असतो, ॲटच्या आधीचा भाग नव्हे.

पासवर्डचा प्रकार. जीमेलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर बाहेरच्या ॲपना प्रवेश देणं ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतलं. आता एक तर ॲपमधून गूगलचं लॉगिन पान उघडून परवानगी द्यावी लागते, किंवा द्विस्तरीय पडताळणी चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड बनवावा लागतो. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी असाच बदल १६ सप्टेंबर २०२४ पासून केला. तिथे जुन्या ॲपनी लॉगिन पानाची पद्धत उचललेली नसेल तर ॲपच बदलणं भाग आहे. ५३५ येत असेल आणि पासवर्ड शंभर टक्के बरोबर असेल तर कारण बहुधा हेच.

आयफोन वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. एसएमटीपीच्या पानावर मुख्य सर्व्हरखाली फोनमधल्या इतर खात्यांचेही सर्व्हर दिसतात. ते चालू असतील तर मुख्य सर्व्हर अडल्यावर फोन दुसऱ्या खात्याच्या सर्व्हरमार्फत मेल पाठवायला बघतो. सोय वाटते, पण ऑफिसच्या पत्त्याचा मेल भलत्याच सर्व्हरमधून गेला की तो स्पॅममध्ये पडायची शक्यता वाढते. ते बंद ठेवलेले बरे.

पायरी ६: दार स्वतः वाजवून बघा

सेटिंग बरोबर आहे तरी जात नाही, तर अंदाज बांधण्यापेक्षा पोर्ट उघडं आहे का ते तपासा. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडा आणि इंग्रजी अक्षरांत टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा लिहा, पुढे सर्व्हरचं नाव आणि मग पोर्टचा पर्याय देऊन ५८७. शेवटच्या ओळीत "ट्रू" आलं तर वाट मोकळी, "फॉल्स" आलं तर बंद. मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनलमध्ये एनसी ही आज्ञा व्ही आणि झेड या पर्यायांसह तेच काम करते.

५८७, ४६५ आणि २५ तिन्ही बघा, आणि शक्य असेल तर दोन जोडण्यांवरून बघा. २५ बंद आणि ५८७ उघडं असं आलं तर ती बिघाडाची खूण नाही, घरगुती जोडणीवर असंच अपेक्षित आहे. तिन्ही बंद पण ४४३ उघडं असेल तर तिथला फायरवॉल वेबखेरीज काहीच जाऊ देत नाही. मग व्हीपीएन किंवा वेबमेल हे दोनच मार्ग उरतात, सेटिंगमध्ये कितीही खुडबुड केली तरी.

एकेका जोडणीचे स्वभाव

ऑफिसमध्ये बंदोबस्त मुद्दाम केलेला असतो. कंपनीचा स्वतःचा मेल सोडून बाहेरच्या कुठल्याही एसएमटीपीला परवानगी नसते, आणि त्याला माहितीच्या सुरक्षेचं कारण असतं. तिथे आडवाटा शोधू नका, आयटी विभागाला विचारा. उलट, मेल सर्व्हर ऑफिसच्या इमारतीतच असेल तर लॅपटॉपमध्ये त्याचा आतला पत्ता भरलेला असू शकतो, १९२.१६८ ने सुरू होणारा. तो इमारतीबाहेर निरर्थक आहे.

मोबाइल डेटावर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे असतात. त्यांतल्या कुणाच्या फोनने उपद्व्याप केला तर पत्ता काळ्या यादीत जातो आणि फटका सगळ्यांना बसतो. नीट चालवलेला सर्व्हर ओळख पटलेल्या ग्राहकाला ही यादी लावत नाही. ५८७ वर, पासवर्ड देऊनही काळ्या यादीचा नकार येत असेल तर चूक सर्व्हरवाल्याची आहे, तसं त्याला कळवा. मोबाइल डेटावर आणखी एक गुंता होतो. बरीच मोबाइल नेटवर्क आयपीव्ही ६ ला, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीला, प्राधान्य देतात. एखाद्या छोट्या होस्टिंगच्या सर्व्हरचा आयपीव्ही ६ पत्ता नोंदलेला असतो, पण तिथे मेलची सेवा चालूच नसते. मग घरून जाणारा मेल डेटावर अडतो, आणि दुरुस्ती होस्टिंगवाल्यालाच करावी लागते.

उरला सर्वांत गोंधळात टाकणारा प्रकार: बाहेर सगळीकडे जातो, फक्त घरच्या वायफायवरून नाही. अनेकदा येणारे मेलही घरी थांबतात, कधी स्वतःची वेबसाइटसुद्धा उघडत नाही. लोक राउटर बदलतात, इंटरनेट कंपनीशी भांडतात. खरं कारण बऱ्याचदा असं असतं: तुम्ही मध्यंतरी मेलचा पासवर्ड बदलला, पण घरात कुठेतरी एक जुना टॅबलेट किंवा फोन चार्जिंगला लागलेला आहे आणि त्यात जुनाच पासवर्ड आहे. तो दर काही मिनिटांनी चुकीचा पासवर्ड देत राहतो. सर्व्हरवरच्या पहारेकरी सॉफ्टवेअरला हा हल्ला वाटतो आणि ते तुमच्या घराचा अख्खा आयपी पत्ताच अडवतं. काही वेळाने बंदी उठते, मेल जातो, तुम्ही निःश्वास टाकता, आणि जुन्या टॅबलेटमुळे पुन्हा बंदी येते. "कधी जातो, कधी नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. घरातली सगळी यंत्रं शोधून जुना पासवर्ड काढा, आणि मगच होस्टिंगवाल्याला आयपी पत्ता मोकळा करायला सांगा. उलट क्रमाने केलंत तर तासाभरात पुन्हा तिथेच याल.

प्रिंटर-स्कॅनरचंही इथेच सांगतो. स्कॅन करून थेट मेल करणारं यंत्र इंटरनेट कंपनी बदलल्यावर अचानक मुकं होतं, कारण त्यात जुन्या कंपनीचा सर्व्हर आणि २५ नंबर भरलेला असतो. पायरी ५ मधल्या गोष्टी त्याच्या सेटिंग पानावरही लागू आहेत. खूप जुन्या यंत्राला आजचं एन्क्रिप्शन जमत नाही, तिथे स्कॅन फोल्डरमध्ये साठवून संगणकावरून पाठवणं हाच व्यवहार्य तोडगा.

छोटे जातात, मोठे अडतात

मेलमध्ये फाइल जाते ती अक्षरांत रूपांतर होऊन, आणि त्यात तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी म्हणतात, पण प्रत्यक्षात १८ एमबीच्या पुढची फाइल धोक्याच्या हद्दीत येते. शिवाय बऱ्याच जोडण्यांवर अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा कितीतरी कमी असतो, आणि संथ अपलोडवर ॲपचा धीर आधी सुटतो. ॲपमधली टाइम आउटची मुदत वाढवून बघा, किंवा फाइल क्लाउडवर ठेवून दुवा पाठवा.

अगदी काहीशे केबीचा मेलही एका ठराविक जोडणीवरच लटकत असेल, आणि एक ओळीचा लगेच जात असेल, तर संशय पॅकेटच्या (ज्या तुकड्यांत मजकूर नेटवरून जातो त्यांच्या) आकारावर घ्या. नेहमीची मर्यादा १५०० बाइटची. काही ब्रॉडबँड जोडण्यांवर ती १४९२ असते, व्हीपीएनमधून आणखी कमी. मोठं पॅकेट वाटेत टाकलं जातं आणि टाकल्याची सूचना परत येऊ दिली जात नाही, तेव्हा ॲप उत्तराची वाट बघत बसतं. राउटरच्या सेटिंगमध्ये एमटीयू नावाचा आकडा १४९२ किंवा १४०० करून बघा.

गेला, पण पोचला नाही

मेल सेंटमध्ये आहे, तर तुमच्या जोडणीने आपलं काम केलं. परत आलेला बाउन्स मेल शोधा, समोरच्याला स्पॅम फोल्डर बघायला सांगा. स्वतःच्या डोमेनचा पत्ता असेल तर एसपीएफची नोंद तपासा. आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, याची ती जाहीर यादी असते. "जात नाही ना, मग इंटरनेट कंपनीचा सर्व्हर टाकून बघू" हा जुगाड केला की मेल निघतो खरा, पण तो सर्व्हर या यादीत नसतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबत आणखी कडक झाले आहेत.

मदत मागायची वेळ आली तर

"मेल जात नाही" एवढंच सांगितलंत तर पलीकडून राउटर बंद-चालू करायचाच सल्ला येईल. त्याऐवजी हे लिहून द्या: एररचा फोटो, अडलेली तारीख आणि वेळ, भरलेलं सर्व्हरचं नाव, पोर्ट आणि एन्क्रिप्शन, कुठल्या जोडणीवरून जातो आणि कुठल्या नाही, तिन्ही पोर्टच्या तपासणीचा निकाल, आणि अडलेल्या जोडणीवरचा तुमचा सार्वजनिक आयपी पत्ता. तो पत्ता मेल अडलेला असतानाच बघून ठेवा, कारण जोडणी बदलली की तोही बदलतो. पोर्ट बंद दिसलं तर हे सगळं त्या जोडणीच्या कंपनीला किंवा त्या जागेच्या आयटीवाल्यांना पाठवा. पोर्ट उघडं असूनही तीन आकडी नकार येत असेल तर मेल सेवेला पाठवा. पासवर्ड कुणालाही पाठवू नका, त्यांनी मागितला तरी.